ज्यांनी हात वर केले

जजबाईंचा प्रश्न पुरा होतो न होतो तोच मिस मर्टिसनं जॅनेलच्या बरगडीत कोपर खुपसलं.

"कर वर. देवाची शपथ घेतलीयस मघाशी."

घरातलं किंवा नात्यातलं कुणी कधी तुरुंगात गेलं आहे का, असा तो प्रश्न होता. जॅनेलच्या सख्ख्यांपैकी कुणी पोलीस ठाण्याची पायरी चढलेलं नव्हतं. पण मिस मर्टिसच्या हिशोबात नातं फार लांबवर पोचायचं. चुलत, मावस, सासरचं, शिवाय चर्चच्या बाकावर वर्षानुवर्षं शेजारी बसलेलंही. जॅनेलला आईच्या मावसभावाचा मुलगा आठवला. त्याला तिनं एकदाच, कुणाच्यातरी मयतीला पाहिलं होतं. तिनं हात वर केला.

मग हळूच मागं वळून पाहिलं. खटल्याचा निकाल देणाऱ्या ज्यूरीसाठी बोलावलेल्या काळ्या माणसांपैकी बहुतेकांचे हात वर होते. गोऱ्यांचा एकही नव्हता.

जॅनेलच्या डाव्या हाताला गोरी डार्ला बसली होती. तिचे दोन्ही हात मांडीवरच्या पर्सवर स्वस्थ. डार्लाचा भाऊ रॉइस नशेच्या गोळ्या विकताना पकडला जाऊन तुरुंगात गेला, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. त्या दिवशी पोर परत देताना दारात उभी राहून ती जॅनेलजवळच रडली होती. डार्ला आपल्या घरी मुलं सांभाळायची. वर्षाच्या आतलं मूल घेणारी गावात ती एकटीच. जॅनेलची ज्युनी तिच्याचकडे असायची. आजही तिथंच होती, डार्लाची नणंद पॅट्सी बघत होती.

समोरच्या टेबलाशी डेव्हॉन्ट बसला होता, कुणाचातरी मोठ्या गळ्याचा शर्ट घालून. टायरच्या दुकानात शिरून म्हाताऱ्या मालकाला मारहाण केल्याचा त्याच्यावर आरोप होता. काळा पोरगा, विशीचासुद्धा नव्हता.

प्रश्न संपले. दोन्ही वकील जजबाईंच्या टेबलाशी जाऊन कुजबुजू लागले. बचावाची वकील मिस ओक्स नवी होती, कुजबुज तिला जमत नव्हती.

"सरकारी वकिलांनी पाच जणांना वगळलंय, मॅम, आणि पाचही काळे. रंग बघून वगळणं कायद्यात बसत नाही. कारण द्यायला सांगा त्यांना."

"मी रंग बघत नाही," सरकारी वकील हॅगूड शांतपणे म्हणाले. "ज्यांच्या नात्यातलं माणूस आम्ही आत टाकलं, ते आमच्यावर दात धरून असणार. एखाद्या गोऱ्यानं हात वर केला असता, तर त्यालाही वगळलं असतं."

जजबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. कारण पटण्यासारखं वाटतंय, म्हणाल्या. थोडी सुट्टी घेऊ, मग निर्णय देते.

बाहेर व्हरांड्यात म्हातारे मि. टॉलिव्हर खिशातले उकडलेले शेंगदाणे सोलत होते. आयुष्यभर त्यांनी शाळेची बस चालवली होती.

"मी एकच हात वर केला, मिस मर्टिस. तुमच्या नातलगांना तर दोन्हीही पुरले नसते."

"तुम्ही बोलू नका. तुमच्या मेव्हण्याला जेलात डबा कोण पोचवत होतं?"

"तुम्हीच. म्हणून तर तो पळून जायचं नाव काढेना."

जॅनेलला हसू आलं नाही. वगळलेल्या पाचांत तीही होती. सुटका झाली होती, खरं तर हेच तिला हवं होतं. ज्युनीला दोन दिवस सर्दी होती, पॅट्सीला नाक पुसायची आठवण राहील का, हाच घोर सकाळपासून मनाला लागलेला.

"तू सुटलीस बाई," डार्ला म्हणाली. "मला बसवणार बहुतेक. पॅट्सीचं डोकं फिरेल बघ."

आत येऊन सगळे जागेवर बसले. जजबाई अजून आल्या नव्हत्या. मिस मर्टिसनं आपला कोट आधीच घालून ठेवला होता. डेव्हॉन्ट मान वळवून बाकांकडे बघत होता. आपल्यासारखे चेहरे कुठले आणि त्यातले जाणार कोण, हे त्याला एव्हाना कळलं असावं. तो पुन्हा पुढं वळला.

या गावात माणूस भेटलं की त्याच्या घरच्यांची विचारपूस करायची, मग बाकीचं. विचारलं नाही तर राग येतो, आणि उत्तर देणं कुणी टाळत नाही. जॅनेलनं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. विचारलं तर ज्युनीचं काय होईल, ते तिला स्वच्छ दिसत होतं. शेजारच्या गावातल्या पाळणाघरात नंबर लागायला वर्ष जातं. नोकरीवर रजा शिल्लक नव्हती.

"डार्ला, रॉइस कसा आहे गं?"

चर्चच्या पायऱ्यांवर विचारावं तशा आवाजात, ना मोठा ना हळू.

"बरा आहे. आत स्वयंपाकघरात लावलंय त्याला. इस्टरनंतर सोडतील म्हणतात. आठवण ठेवलीस, बरं…"

डार्लाची नजर पुढं गेली. मिस ओक्सनं कागदांतून डोकं वर काढलं होतं.

जजबाई आल्यावर मिस ओक्सनं ऐकलेलं त्यांना सांगितलं आणि त्यांनी डार्लाला उभं केलं.

"रॉइस टिप्टन तुमचा कोण?"

"सावत्र भाऊ, मॅम. घरी त्याचं नाव काढत नाही आम्ही."

"मि. हॅगूड, त्याचा खटला कुणी चालवला?"

हॅगूडनी समोरचे कागद सारखे केले. "मीच, मॅम."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. तरीही या बाईंना ठेवायची तुमची तयारी होती."

हॅगूडचं कारण आता मान्य होण्यासारखं नाही, असं सांगून जजबाईंनी वगळलेल्या पाचही जणांना परत बोलावलं. माहिती लपवली म्हणून डार्लाला घरी जायला सांगितलं. मि. टॉलिव्हरनी हातातली टरफलं खिशात टाकली. मिस मर्टिसनं कोट काढला.

डार्ला पर्स काखेला लावून बाकांमधून निघाली. जॅनेलपाशी आल्यावर क्षणभर थबकली. तिच्याकडे न बघताच बोलली.

"आज संध्याकाळी ज्युनीचं सगळं सामान घेऊन जा. बाटल्यासुद्धा."

"डार्ला…"

"चांगली विचारपूस केलीस."

ती गेली. जॅनेल ज्यूरीच्या कठड्यामागं जाऊन बसली. खुर्ची गिरकी घेणारी होती, तिनं पाय टेकवून ती स्थिर केली. डेव्हॉन्टनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

खटला आठवडाभर चालेल, जजबाई सांगत होत्या. घरी लहान मूल आहे, बघायला कुणी नाही, अशी कुणाची अडचण असेल तर आत्ताच सांगा, नंतर चालणार नाही.

त्यांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. जॅनेलवर त्यांची नजर जरा जास्त थांबली.

"तुमची व्यवस्था आहे ना?"

पॅट्सीनं नाक पुसलं असेल का, एवढंच जॅनेलच्या मनात आलं.

"आहे, मॅम," ती म्हणाली.