उपडे डबे

गोदाने डाव्या हाताने अंडं वाटीच्या काठावर आपटलं आणि ते टरफलासकट मैद्यात पडलं. उजवं मनगट सकाळपासून सुजलं होतं. तिच्या नवऱ्याने, धाकूने, ते दाराच्या फटीत धरून दार लोटलं होतं. चहात साखर कमी पडली, एवढंच निमित्त.

टरफलं वेचून तिने कोकोचा डबा झटकला. बोटीवर नोकरीला असलेल्या धाकूने तो सुट्टीवर येताना आणला होता आणि सोबत, बोटीवर देतात तसले कपाएवढे केक करायचा हुकूमही. पातेल्यात वाळू तापवायची, तीत वाट्या रोवायच्या, झाकणावर निखारे ठेवायचे, हे ती चुकतमाकत शिकली. पहिला घाणा करपला तेव्हा त्याने तापलेलं झाकणच तिच्या अंगावर फेकलं. दंडावरचा डाग अजून ओला होता. बोटीवर म्हणे साहेबापुढे याची मान वर होत नसे. मेल्याने सगळी मर्दुमकी घरासाठी राखून ठेवली होती.

आज मात्र ती आपणहून केक करत होती. ब्याऐंशी सालची दिवाळी आटोपून शाळा पुन्हा सुरू झाली होती. फराळातून उरलेला मैदा, तळाचा डालडा, होती नव्हती ती साखर दळून, सगळं तिने खरवडून घेतलं.

"एवढे कशाला गो?" सासूने, येसूबाईंनी, चुलीतले निखारे ओढत विचारलं.

"उरलंय ते संपवते, आई."

काल धाकूने गंगीला, सहा वर्षांच्या पोरीला, ओटीवरून अंगणात भिरकावलं होतं. स्वतःच्या मारावर गोदा सात वर्षं गप्प बसली होती. पोरीचं फुटलेलं कपाळ धुताना तिने ठरवलं, उद्या गंगीला शाळेतूनच घ्यायचं आणि साडेतीनच्या एस्टीने राजापूरला, माहेरी निघून जायचं.

वास आला तसा धाकू आत आला.

"कुनासाठी चाललंय?"

"गंगीचा वाढदिवस हाय. शाळेत वाटायला नेते."

येसूबाईंचा चिमटा थांबला. गंगी शिमग्यात झाली होती. सुईणीला आणायला त्या स्वतः अनवाणी धावल्या होत्या. शिमग्याला अजून चार महिने होते.

"व्हय काय गो आये?"

येसूबाईंनी निखारा उचलून झाकणावर ठेवला.

"बापासला पोरीचा दिस म्हाईत नाय. लाज वाटू दे जरा."

धाकूने तयार झालेल्यांतला एक केक तोंडात कोंबला, दुसरा चावून भिंतीवर भिरकावला. मग गोदाचं तेच मनगट धरून पिळलं.

"चारच्या आत घरात पायजेस. नायतर दुसरा हात हाय अजून."

तिने वाट्या उपड्या करून केक पितळी डब्यात भरले, वर फडकं बांधलं. कपड्याची एक घडीसुद्धा बरोबर घेतली नाही. उंबऱ्यावर क्षणभर थांबून तिने सासूकडे पाहिलं, मग खाली वाकून नमस्कार केला आणि निघाली.

येसूबाई स्वयंपाकघरात वळल्या आणि त्यांची नजर फळीवर गेली. मैद्याचा, साखरेचा, कोकोचा, तिन्ही डबे घासून उपडे घातलेले. नांदत्या घरात डब्याच्या तळाशी मूठभर ठेवतात. डबे असे उपडे घालतात ते घराला कुलूप लावून मुंबईला जाताना. निघताना गोदाच्या हातांनी सवयीने तेच केलं होतं.

ओटीवर खाट करकरली.

येसूबाईंनी घाईने एकेक डबा सुलटा केला. झाकणं दाबताना त्यांची वाकडी करंगळी आडवी येत होती. ती त्यांच्या नवऱ्याने मोडलेली होती.

धाकू दारात येऊन उभा राहिला. त्याने फळीवर नजर फिरवली.

"चाय टाक आये. साखर बघून घाल."

"टाकते."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते. येसूबाईंनी चुलीवर आधण ठेवलं, साखरेचा रिकामा डबा हाताशी घेतला, आणि पेटती दोन लाकडं हळूच मागे ओढली.