भाऊजींची जीभ

आशिया खंडात चांगली बिअर कोण बनवतं हा वादाचा विषय असेल, पण ती कोण शोधून काढतं याबद्दल निदान त्या घरात तरी दुमत नव्हतं. धाकटे चिरंजीव शोधून काढत. घरात, ऑफिसात आणि फोनवर त्याला सगळे ‘जाणकार’ म्हणत. सुरुवातीला चेष्टेने म्हणत होते. त्याने ते मनावर घेतलं आणि मग कुणाचा इलाज चालेना.

पोटासाठी तो नळ विकायचा. बेसिनचे, शॉवरचे, हॉटेलांच्या बाथरूममधले चकचकीत नळ. त्यासाठी कंपनी त्याला या शहरातून त्या शहरात धाडायची. दिवसभर ठेकेदारांपुढे घसा कोरडा करून झाला की संध्याकाळी हा तो ओला करायला निघायचा. सहा वर्षांत त्याने एकवीस शहरांतले एक्केचाळीस पब शोधले होते. शोधले म्हणजे काय, तर जिथे आधीच साठ माणसं बसून पीत होती तिथे हा एकसष्टावा जाऊन बसला. पण त्या साठांनी नुसतीच प्यायली आणि याने फोनवर लिहिलं, म्हणून शोध याच्या नावावर जमा.

लिहायचाही कसा! ‘पहिल्या घोटात ओला दगड, मध्यावर जुन्या कपाटाची आठवण आणि शेवटी एक हळवा कडवटपणा.’ ओला दगड याने कधी चाटला होता हे विचारायची सोय नव्हती. अकरा हजार माणसं हे रोज वाचत आणि खाली टाळ्या वाजवणारे हात टाकत.

खरी गोम अशी की त्याला फारसं काही कळत नव्हतं. कडू, गोड, आंबट आणि गार, इथपर्यंत त्याची जीभ चालायची. पुढचे सगळे शब्द इकडून तिकडून उसने आणलेले. हे त्याला स्वतःला पक्कं ठाऊक होतं आणि एक दिवस कुणीतरी आपल्याला पकडेल याची त्याला धास्ती होती. धास्ती वाढली की तो आणखी मोठा शब्द वापरायचा.

घरी आई, दादा आणि वहिनी. जेवताना हा बोलायचा, बाकीचे जेवायचे. वहिनी मात्र लक्ष देऊन ऐकायची. एकदा तिने विचारलं होतं, “भाऊजी, तो ओल्या दगडाचा वास पाइप नीट न धुतल्याचा तर नसेल?” सगळे हसले. जाणकार तर इतका हसला की त्याला ठसका लागला.

वहिनीने दहा वर्षं दुधाच्या कारखान्यात काढली होती. टाक्या धुवायच्या, दूध तपासायचं, नासलेलं परत पाठवायचं. गेल्या वर्षी तिने नोकरी बदलली. “पेयांच्या कारखान्यात लागलेय,” एवढंच ती म्हणाली. सरबतं असतील, असं आईने परस्पर ठरवून टाकलं. दादाला खरं माहीत होतं, पण आईपुढे तो मूग गिळून बसायचा. आणि जाणकाराने विचारलंच नाही. ज्याला आख्खा खंड पालथा घालायचा आहे त्याने घरातल्यांच्या नोकऱ्यांची चौकशी कधी करावी? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

तर त्याच्याच शहरात, घरापासून बसने तीन थांब्यांवर, बंद पडलेल्या छापखान्याच्या जागेत एक मायक्रोब्रुअरी, म्हणजे स्वतःची बिअर तिथल्या तिथे बनवून विकणारा पब, निघाली. मालक पूर्वी फरश्या विकायचा. त्याने जाणकाराला खास आमंत्रण धाडलं: चार नंबरच्या टाकीतली काळी बिअर शनिवारी उघडतोय, पहिला घोट आपला. जाणकाराने त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला.

आत सगळं यथासांग होतं. उघड्या विटांची भिंत, मुद्दाम गंजवलेले दिवे आणि काचेपलीकडे तांब्याची टाकी. टाकीशेजारी चामड्याचा एप्रन घातलेला, छातीपर्यंत दाढी रुळणारा एक पुरुष लाकडी वल्ह्याने काहीतरी ढवळत होता. गंभीर इतका, की समुद्रमंथन त्याच्याकडेच सोपवलं असावं. मालक कानात कुजबुजला, “आमचे ब्रूअर. बिअर हेच बनवतात.”

काळी बिअर आली. जाणकाराने रिवाजाप्रमाणे ग्लास उजेडात धरला, फिरवला, नाक आत घातलं आणि कधी नव्हे ते घडलं. त्याला खरोखर एक वास आला. लोणी! कुणाचं वाचून नाही, कुणाचं ऐकून नाही, त्याच्या स्वतःच्या नाकाला आलेला चोख लोण्याचा वास. सहा वर्षांत पहिल्यांदा शब्द उसना आणावा लागला नाही. त्याचे डोळे भरून आले.

“लोणी,” तो म्हणाला. आजूबाजूच्या चार टेबलांनी माना वळवल्या. त्याने तिथल्या तिथे फोन काढून लिहिलं, ‘ही बिअर नव्हे, हे काळोखात वितळलेलं लोणी आहे. एकवीस शहरं फिरलो, असा मखमली स्पर्श कुठे मिळाला नाही.’ मालकाचा चेहरा उजळला. दाढीवाला काचेपलीकडून बाहेर आला आणि खर्जात म्हणाला, “आमच्या आजोबांचं गुपित आहे.”

इतक्यात टाकीमागून गमबूट घातलेली, केस टोपीत कोंबलेली एक बाई पाण्याचा पाइप ओढत आली. जाणकाराने पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ती वहिनी होती. तीही क्षणभर थबकली. मग शांतपणे म्हणाली, “भाऊजी, पाय वर घ्या. खाली पाणी येतंय.”

“ही आमच्याकडे साफसफाई आणि बाकीचं बघते,” मालक म्हणाला.

बाकीचं म्हणजे काय ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. वहिनी त्याला कामावर जाताना सोबत घेऊन गेली. सकाळी त्या जागेचा सगळा नखरा उतरलेला होता. ओली फरशी, वाफ, माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची पोती, आणि टाक्या, पाइप, झडपा घासणारी एकटी वहिनी. कृती तिची, माल्ट दळणं तिचं, शिजवणं तिचं, यीस्टची निगराणी तिची. दाढीवाला साबणाच्या जाहिरातीत काम करणारा नट होता. संध्याकाळी सहा ते नऊ यायचा आणि तांब्याच्या टाकीत गरम पाणी ढवळायचा.

“गिऱ्हाइकांना ब्रूअर दिसायला हवा, असं मालकांचं म्हणणं,” वहिनी म्हणाली. “मी दिसते तशी त्यांना चालत नाही.”

तिने कालच्याच बिअरचे दोन ग्लास भरले. एकाचं तोंड झाकून तो गरम पाण्यात वीस मिनिटं ठेवला, मग गार केला आणि दोन्ही त्याच्यापुढे सरकवले. “हुंगा.”

साध्या ग्लासात लोण्याचा वास होताच. गरम केलेल्यात तो असा अंगावर आला की जाणकाराने मान मागे घेतली.

“लोणी,” तो पुटपुटला.

“हो, लोणीच. दहा वर्षं दुधात काढलीत मी. दुधाकडे तो वास आला तर चांगलं, इथे आला तर बिअर कच्ची. यीस्टच तो वास सोडतं आणि यीस्टच परत घेतं. आपण नुसतं थांबायचं. अजून बारा दिवस हवे होते. तुम्ही येणार म्हणून मालकांनी माझं न ऐकता टाकी उघडली.”

जाणकार खुर्चीत बसला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, हे आई त्याला लहानपणापासून ऐकवत होती.

“ही बिअर नीट निघाली की मला मुख्य ब्रूअर नेमायचं ठरलं होतं,” वहिनी पुढे म्हणाली. “काल तुमचं वाचून मालक म्हणाले, नेमतो, पण यापुढे दर वेळी अशीच कच्ची काढायची. जाणकारांना आवडलीय. भाऊजी, मी मुद्दाम कच्ची बिअर काढणार नाही. मग ते मला ठेवणार नाहीत. तुम्ही एक ओळ लिहा. मी चुकलो, तो दोष होता, एवढीच. ते माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात.”

“वहिनी, पण माझं नाव…”

“तुमचं नाव चार दिवस जाईल. माझं काम कायमचं जाईल.”

“लिहितो,” तो म्हणाला, आणि त्या घडीला ते अगदी मनापासून म्हणाला. मग संकोचत त्याने विचारलं, “पुन्हा एकदा हुंगू?” वहिनीने चार झाकलेले ग्लास त्याच्यापुढे मागेपुढे करून ठेवले. त्याने चारही बरोबर ओळखले. परीक्षेत पहिला आल्यासारखा तो हसला, आणि वहिनीही हसली. जाता जाता तिने दाखवलं, त्याच काळ्या बिअरचं एक छोटं पिंप तिने तळघरात यीस्टसकट बाजूला काढून ठेवलं होतं. बारा दिवसांसाठी.

त्या बारा दिवसांत जाणकाराने ती एक ओळ नऊ वेळा लिहिली. पहिल्यांदा लिहिलं, ‘मी चुकलो.’ ते फारच उघडंवाघडं वाटलं. मग ‘प्रवासाच्या शिणाने जीभ दमली होती.’ मग ‘दोष आणि गुण यांतली सीमारेषा धूसर असते.’ नवव्या वेळी तर त्या ओळीत चूक मालकाची, हवेची आणि वाचकांची झाली होती, याची सोडून. तीही त्याने धाडली नाही. दरम्यान अकरा हजारांचे तेवीस हजार झाले. पबबाहेर रांग लागू लागली. मालकाने त्याचं ते वाक्य पितळी पाटीवर कोरून भिंतीवर ठोकलं.

वहिनीने एकदाही विचारलं नाही. ती रोज त्याचं ताट वाढायची. तिने चारचौघांत झापलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटे.

तेराव्या दिवशी ती कामावरून लवकर आली. पिशवीतून स्टीलची बंद बाटली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “नोकरी सोडली. परवापासून परत दुधाकडे. पहाटेची पाळी आहे.”

“सरबतवाल्यांनी काढलं?” आईने विचारलं.

“सरबत नव्हतं आई, बिअर होती. मी बनवत होते.”

दादा एकदम भिंतीवरचं घड्याळ निरखू लागला. आईने सुनेकडे पाहिलं, मग थोरल्याकडे, मग बाटलीकडे. “मग सोडली कशाला?” तिने विचारलं. “चांगली बनत नव्हती?”

“चांगली बनवू देत नव्हते.”

वहिनीने तीन ग्लास भरले. आई पीत नव्हती, पण तिने ग्लास नाकाशी धरला आणि म्हणाली, “वास तर स्वच्छ आहे बाई.” जाणकाराने घोट घेतला. लोणी कुठेच नव्हतं. भाजलेल्या धान्याची किंचित गोडी, मागून हलका कडूपणा, मग काही नाही, आणि लगेच दुसरा घोट घ्यावासा वाटला. एक्केचाळीस पबांत त्याने असं काही प्यायलं नव्हतं. ओला दगड, जुनं कपाट, मखमल, यातलं काहीच त्याच्या कामी येईना.

“चांगली आहे,” तो म्हणाला.

“एवढंच लिहा,” वहिनी म्हणाली.

त्याने तेही लिहिलं नाही. आता लिहायचं तर आधीचं पुसावं लागलं असतं, आणि आधीचं पितळेत कोरलेलं होतं.

दोन महिन्यांनी त्याला दूरच्या एका शहरातून परीक्षक म्हणून बोलावणं आलं. खंडभरातल्या बारा मायक्रोब्रुअरींची स्पर्धा होती. पांढरी टेबलं, गळ्यात पट्टा, पुढ्यात बारा ग्लास. त्याने पहिला नाकाशी नेला. लोणी. दुसरा, लोणी. बारांतल्या सातांत तो वास ठसठशीत होता. शेजारचे परीक्षक डोळे मिटून “मखमली, मखमली” करत होते. मधल्या सुट्टीत एक तरुण ब्रूअर त्याच्या पाया पडायचाच बाकी राहिला. म्हणाला, “सर, तुमचं ते वाचलं आणि आम्हीही टाकी लवकर उघडायला लागलो. तुम्ही डोळे उघडलेत.”

पाचवा ग्लास स्वच्छ होता. वहिनीच्या बाटलीसारखा. कुणीतरी कुठेतरी मालकाशी भांडून पूर्ण थांबलं होतं, हे त्याला एका घोटात कळलं. आता त्याला सगळंच कळत होतं. इतकी वर्षं ज्या जिभेचं सोंग आणलं ती आता खरोखर त्याच्या तोंडात होती, आणि त्याला तिची भीती वाटत होती.

“पाच नंबर फारच साधी, नाही?” शेजारचा म्हणाला. सगळ्यांनी जाणकाराच्या कागदाकडे पाहिलं. त्याने पाच नंबरला दहापैकी चार दिले.

घरी पोहोचला तेव्हा वहिनी नुकतीच पाळीवरून आलेली होती. दार तिनेच उघडलं. अंगाला दुधाच्या वाफेचा वास होता, डोळ्यांत झोप होती, तरी तिने विचारलं, “कशा होत्या?”

“सात कच्च्या होत्या, चार यथातथा, वहिनी,” तो म्हणाला. तिच्याशी खोटं बोलणं त्याला जमेना. “एक मात्र पूर्ण झालेली. अगदी तुमच्या बिअरसारखी.”

वहिनीची झोप उडाली. तिचा चेहरा असा खुलला की जणू ती टाकी तिनेच राखली होती. “हो? बघा, कुणीतरी थांबलं ना! मग पहिला नंबर तिलाच दिलात?”

जाणकार बूट काढायला खाली वाकला. लेस आधीच सुटलेली होती. तरी तो ती सोडवत राहिला, आणि वहिनी उत्तरासाठी दारात थांबून राहिली.