वेलावर पांघरलेली नऊवारी

मित्रांनो, मी एक जुनी सुती नऊवारी आहे, सोलापूरच्या मागावर विणलेली. सुंदराबाई मला नवीकोरी नेसल्या आणि थेट पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या आपल्या शेतात खरबुजं तोडायला उतरल्या. त्यांच्या ओच्यात मी किती खरबुजं वाहिली, गणती नाही. "साडी लई गुणाची हाय," त्या म्हणायच्या. मला तेवढं कौतुक पुष्कळ होतं.

पुढे मांजरीत इमारती आल्या आणि शेत गेलं. मुलगा दिग्विजय आयटी कंपनीत लागला, सुंदराबाई हडपसरला चौथ्या मजल्यावर राहायला आल्या आणि मी ट्रंकेत गेले. डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी सात वर्षं काढली.

येताना त्यांनी शेतातल्या खरबुजाचं मूठभर बी आणलं होतं. आज लावू, उद्या लावू करता करता ते जुनं झालं. दोन हजार चार साली त्यांनी ते सगळं गच्चीतल्या कुंड्यांत पेरलं, तर एकच वेल उगवला. त्या शेताचं म्हणून आता तेवढंच उरलं होतं.

वेल फुलला आणि सोसायटीतली माणसं बघायला येऊ लागली. जो तो बोट दाखवी. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं, असं आमच्याकडे मानतात. "बोट नगा दावू वो!" म्हणून सुंदराबाई थकल्या. शेवटी त्यांनी मला ट्रंकेतून काढलं आणि वेलावर चारी बाजूंनी पांघरलं.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! शेजारच्या विमलाबाई म्हणाल्या, "वा! आता दर्शनाची वेळ तेवढी लिहून लावा." बोलेनात का! मी कुणाचं बोट आत येऊ दिलं नाही. मधमाशी आली, तिलाही नाही.

आठवड्याभरात बोराएवढी फळं पिवळी पडून गळायला लागली. नजर लागली असं समजून सुंदराबाईंनी मला आणखी ओढून घेतलं, आणि मीही आणखी घट्ट बसले.

रविवारी सून प्रियदर्शनी कपडे वाळत घालायला वर आली. तिनं मला उचलून आत पाहिलं.

"आई, असं झाकल्यावर मधमाशी आत जाणार कशी?"

सुंदराबाई मटकन खाली बसल्या. उभा जन्म शेतात गेलेली बाई! "म्याच मारलं गं माज्या हातानं."

"एक मादी कळी आहे अजून. उद्या उमलेल. आपण हातानं परागकण लावू, मी नेटवर वाचलंय."

सकाळी सुंदराबाईंनी नर फूल खुडून त्या फुलाला हलकेच टेकवलं. प्रियदर्शनीची ऑफिसची बस निघून गेली, पण ती हलली नाही.

ते फळ धरलं. वजनानं देठ ताणला जाऊ लागला, तेव्हा सुंदराबाईंनी मला फाडून त्याला झोळी बांधली. मला दुखलं, खोटं कशाला सांगू? पण ओझं पुन्हा खरबुजाचं होतं.

मे महिन्यात ते पिकलं. सुंदराबाईंनी बी धुऊन वाळवलं आणि बोट दाखवणाऱ्या प्रत्येकाच्या घरी चिमूट चिमूट दिलं. पहिली चिमूट विमलाबाईंना.

मित्रांनो, ज्याला जीव लावाल त्याला जरूर जपा. पण माझ्यासारखीला त्याच्यावर पांघरू नका. मी फार घट्ट बसते.