गळायचा थांबलेला फ्रिज

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे, एका दाराचा. माझी गोष्ट मला सलग सांगता येत नाही. कप्प्याकप्प्याने सांगतो, सांभाळून घ्या.

दार.
कारखान्यात मला सगळ्यात शेवटी दार बसवलं. ते लागताना मऊ ‘थप्’ असा आवाज यायचा. या घरातली आजी तेव्हा आजी झालेली नव्हती. तो आवाज ऐकायला ती उगाच दार उघडायची आणि पाहुण्यांना म्हणायची, “बघा, कसं रुबाबात लागतं.” पुढे रबर सैल पडलं. दाराला स्टूल टेकवून ठेवू लागले.

भाजीचा कप्पा.
याच्या मागे एक बारीक भोक आहे. वितळलेलं पाणी तिथून खाली जातं. त्यात भाजीचं पान अडकलं. एवढंच. एक काडी फिरवली असती तर मोकळं झालं असतं.

फरशी.
हा काही माझा कप्पा नव्हे, पण पाणी तिथे साचलं. आजीचा पाय घसरला. टेबल हाताला लागलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून घरात माझ्या नावाने खडे फुटू लागले.

बर्फाचा कप्पा.
इथे सावकाश सांगतो.

घरात तान्हं बाळ होतं. बाळाची आई उद्या कामावर परत जाणार, असा तो दिवस होता. नाही गेली, तर तिची जागा दुसऱ्या कुणाला मिळणार होती. बाळ वरच्या दुधाला तोंड लावत नव्हतं. म्हणून तिने कितीतरी दिवस आपलं दूध काढून, छोट्या पिशव्यांत भरून, इथे गोठवलं होतं.

बाळाच्या बाबांना वाटलं, पाणी या साठलेल्या बर्फातूनच गळतंय. ते स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले.

“अरे, बंद करून दार उघडं ठेव,” आजी म्हणाली. “आपोआप सुटेल तो.”

“आणि तिचं दूध? तेही आपोआप सुटेल ना, आई.”

पिशव्या बाजूला सारून ते बर्फ खरवडू लागले. हलक्या हाताने, खरंच. मग टोक पत्र्यात घुसलं.

फुस्स.

त्या पत्र्यातल्या नळ्यांमधून माझा गारवा फिरतो. तो निघून गेला.

बाबा थबकले. त्यांनी मागे वळून पाहिलं. कोणी ऐकलं नव्हतं. आतला दिवा लागत होता, मोटर चालू होती. त्यांनी बर्फ बादलीत टाकला, फरशी पुसली, स्टूल टेकवलं.

बाळाच्या आईने विचारलं, झालं का?

“आता एक थेंब गळला तर सांग.”

खरंच गळला नाही. गारवाच नाही, तर नवा बर्फ कुठला आणि पाणी कुठलं? आजीने मला थोपटलं. माझी मोटर थांबतच नव्हती, तर ती म्हणाली, कसा जोरात चाललाय बघा. इतकं कौतुक मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. आणि मी आतून कोमट होत होतो.

सकाळी बाळाच्या आईने कामाचे कपडे घालून पिशवी काढली. दाबून पाहिली. दुसरी दाबली. वास घेतला.

“काल एक आवाज आला होता,” बाबा म्हणाले.

ती एकेक पिशवी फोडून मोरीत ओतत राहिली. आत बाळ रडत होतं.

दुरुस्तीवाल्याने मला पाहून नुसती मान हलवली. आता मी जिन्याखाली, भिंतीकडे तोंड करून उभा आहे.

मित्रांनो, बर्फाला लोखंड लावू नका, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. हातून काही फुटलं, तर लगेच सांगा. शेजारच्या घरात फ्रिज होता. त्या रात्रीही चालू होता.