बायपासचा व्हॉल्व्ह

जहाज कंपनीचा फोन दुपारी आला. बिरुदेवला कामावरून काढलं होतं, परवानाही स्थगित. फोन ठेवून तो सोलापुरातल्या घराच्या उंबऱ्यावर बसला. बायको हेमावतीनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. सांगोल्याकडून आलेले वडील, गुंडाआप्पा, शेजारी येऊन टेकले.

मेंढपाळाच्या घरातला बिरुदेव जहाजावर इंजिनिअर झाला होता. नदीच्या मुखावरच्या एका बंदरात माल उतरवताना जहाज कलू लागलं. तोल साधायला टाक्यांत पाणी घ्यायला हवं होतं, आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची जाळी गाळानं तुंबलेली. त्यानं कॅप्टनला विचारलं.

"यंत्र सोडून थेट पाणी घे. बंदराला मी कळवतो," कॅप्टन म्हणाला.

बिरुदेवनं बायपासचा व्हॉल्व्ह उघडला. जहाज सावरलं, माणसं वाचली. ते पाणी पुढं खोल समुद्रात बदलायचं असतं. त्यानं तशी आठवणही करून दिली, पण कॅप्टनला घाई होती. पुढच्या बंदरात पाणी तसंच सोडलं आणि तपासणीत सापडलं. कॅप्टननं बंदराला कळवलंच नव्हतं. "बिरुदेवनं मला न विचारता केलं," असं त्यानं चौकशीत सांगितलं. हुकूम देताना शेजारी उभा असलेला सोबती नंदीश म्हणाला, मी काही ऐकलं नाही.

"समुद्राचंच पानी समुद्रात सोडलं की," आप्पा म्हणाले. "त्यात काय बिघडलं?"

"एका मुलखातले किडं, शेवाळ दुसऱ्या मुलखात जात्यात. तितलं मासं मरत्यात."

आप्पा त्याच्याकडं वळले. "म्हंजी रोगट मेंढरू दुसऱ्याच्या कळपात सोडल्यागत."

"व्हय."

"मग चूक लई मोठी हाय की."

निदान आप्पा तरी आपल्या बाजूनं बोलतील, असं बिरुदेवला वाटलं होतं. "जहाज आडवं झालं असतं, आप्पा."

"घेताना इलाज नव्हता, मान्य. पर सोडताना पंप कुणी चालू केला?"

"मीच. कॅप्टननं सांगितलं म्हणून."

आप्पा उठून आत गेले.

बिरुदेवनं नंदीशला फोन लावला. तो उचलला गेला नाही. पुन्हा लावला, तर बंद.

पुढच्या आठवड्यापासून तो अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात बॉयलरवर जाऊ लागला. मागांच्या खडखडाटात कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. तेवढंच त्याला बरं वाटायचं.