आवाज करील तो मोठा

"सर, कुत्रा भुंकला तर तो पण मोठ्ठा दिसणार का?"

प्रश्न रविनाचा, पैज मात्र तिच्या मैत्रिणींची, मीना आणि गोदूची. विचारलास तर दोन कैऱ्या, तिखटमीठ लावून. शहापूरच्या शाळेचा हॉल हसून आडवा झाला. पडद्यावर तीन चौकटी, एक मोठी नि दोन टिकल्या. मोठीत ठाण्याचे सर होते, तेही हसले.

"दिसणार. जिथून आवाज येतो त्या गावाचं चित्र मशीन मोठं करतं. बाकीची बारीक होतात. चित्रं आणणारी लाइन एवढीशीच आहे, सगळ्यांना एकदम मोठं केलं तर सगळेच अडकतील. माणूस कोण नि कुत्रा कोण, ते मशीनला कळत नाही."

दर सोमवारी हा तास असायचा. सर ठाण्यातून विज्ञान शिकवायचे, शहापूर आणि मुरबाडची पोरं ऐकायची. दोन हजार नऊ साली एचडी कॅमेरे आले तेव्हापासून मोठ्या चौकटीतली पाल कोणत्या भिंतीवर आहे तेही सांगता यायचं.

पण शहापूरच्या शाळेमागे भातगिरणी. ती धडधडली की मशीनला वाटायचं, शहापूरच बोलतंय. दोन सोमवार सगळ्यांनी नुसतं शहापूर बघितलं. म्हणून शहापूरच्या भगीरथ सरांनी रिमोट रविनाकडे दिला. गिरणी चालू, माईक बंद. पोरगी चलाख, एकदाही चुकली नाही. "वर्षभर मशीन तूच सांभाळ," सर म्हणायचे, आणि रविना हो म्हणायचं टाळायची. सगळं आवरून निघायला सहा वाजायचे. घरची वाट पांदीतून, दोन्हीकडच्या दाट झुडपांमधल्या बोळातून, पाऊण तासाची. आईनं बजावलं होतं, दिवस मावळायच्या आत घरात. आणि खरं सांगायचं तर पांदीला रविनाही भ्यायची.

गिरणी पुन्हा सुरू झाली. रविनानं माईक बंद केला.

आता मुरबाडहून बाईजा प्रश्न विचारत होती. बाईजा म्हणजे रविनाच्या मामाची पोर, तिथल्या वसतिगृहात राहणारी. मुरबाड मोठं झालं. तिकडचा कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर, त्यामुळे पहिल्या बाकाखालचे पायसुद्धा दिसायचे. मागे दारात शिपाई दामूमामा स्टुलावर डुलक्या काढत होता. बाईजाच्या टाचेमागे वायरीचं भेंडोळं पडलं होतं.

वायरीवर साखळीसारखे ठिपके होते.

रविनाच्या तोंडातली कैरी तोंडातच राहिली. भेंडोळं सावकाश आवळलं. घोणस.

दोन वर्षांपूर्वी बाईजाचा बाप, नामामामा, असाच गेला. घोणस मागे होती. कुणीतरी "साप, साप" ओरडलं, मामा दचकून मागे सरला आणि नेमका तिच्यावर पाय पडला. ओरडलं नसतं तर मामा असता, असं आई अजून म्हणते.

रविनानं पडद्याकडे बोट दाखवलं, तशी भगीरथ सरांनी मुरबाडच्या शाळेला मोबाइल लावला. तिकडे ऑफिसात घंटी वाजत राहिली, कुणी उचलेना.

रविनाचा अंगठा माईकच्या बटणावर होता. बोललं तर गिरणीसकट शहापूर मोठं होणार, मुरबाड टिकलीएवढं. मग पाय कुठे, घोणस कुठे, काहीच दिसणार नाही. नाही बोललं तर सगळं दिसणार, आणि नुसतं बघत बसायचं.

बाईजा बोलायची थांबली. आता ती उठणार.

रविनानं बटण दाबलं. पडद्यावर तिचंच पांढरं पडलेलं तोंड मोठं झालं. ओरडायचं नाही, असं मनाशी म्हणत ती अगदी घरी चुलीपाशी बोलावं तशी बोलली.

"बाईजे, मी रविना. पाय हलवू नको गो. मागं लांबडं हाय. कुणी उठू नका, कुणी बोलू नका. दामूमामा, बादली आण. हळू."

माईक बंद. शब्द तिकडे पोचायला दीड सेकंद लागायचा. एरवी त्याची गंमत वाटायची.

"कोण बोललं? काय झालं?" ठाण्याचे सर मोठे झाले. चष्मा, मिशी, सगळं एचडी.

रविनानं पुन्हा माईक उघडला. "सर, तुमी गप रा. मुरबाडात साप हाय."

सर गप्प झाले. माईक बंद झाल्यावरही पडद्यावर रविनाच मोठी राहिली, कारण आता कुणीच बोलत नव्हतं. मुरबाड कोपऱ्यात, चौकोनी चौकोनी ठिगळांचं. त्यात बाईजा कोणती आणि बाक कोणता, कळेना. गप्प बसा असं तिनंच सांगितलं होतं, आणि गप्प गाव मोठं होत नाही. तिकडून आवाज आला तरच दिसणार. आणि पहिला आवाज किंकाळीचा असला तर?

मीनानं तिचा हात धरला. मीनाचा हात ओला होता की आपला, तेही कळेना.

मग आवाज आला. कुकरची वाफ सुटावी तसा. फुस्स्स.

मशीननं मुरबाड मोठं केलं. त्याला काय कळतंय, कोण बोललं ते. अख्ख्या पडद्यावर घोणस, मान आखडलेली, आणि तिच्यापासून वीतभर बाईजाची टाच. टाच थरथरत होती, पण जागची हलली नव्हती. बाकाच्या कडेनं दामूमामाचे अनवाणी पाय, एकेक बोट टेकवत, पुढे येत होते.

ठाण्याच्या सरांना नेमका ठसका लागला. पडदाभर सर.

"सर, गप रा ना," गोदू रडत म्हणाली. पण माईक बंद होता.

ठण्ण.

मुरबाड. पालथी बादली, तिच्यावर दोन्ही हात रोवून दामूमामा, आणि बाकावर पाय पोटाशी घेतलेली बाईजा. ती हुंदके देत होती. हुंदक्यांनी ती मोठीच्या मोठी दिसत राहिली.

रविना घरी पोचली तेव्हा सात वाजत आले होते. आई सोमी आणि बाप सुदाम, दोघं अंगणात उभे. खबर मुरबाडहून फोनवर आधीच आली होती. आईनं तिचे पाय वरखाली चाचपले.

"बास झालं ते मशीन," आई म्हणाली. "पांदीत काय कमी लांबडी हायत? सोमवारी शाळा सुटली का सरळ घरी."

"आये, बाईजा काय म्हणाली?"

"म्हणाली, रविना ओरडली नाय म्हणून मी हाय." आईनं पदर तोंडाला लावला.

रविना दोघांच्या समोर उभी राहिली.

"आये, बा, ऐका. दर सोमवारी मशीनवर मीच बसणार. तास चालू व्हायच्या आधी मुरबाडला बोलायला लावून दोन्हीकडच्या बाकांखाली बघणार. सहाला निघीन, बॅटरी घेऊन, पाय आपटत येईन. भ्या वाटंल, तरी येईन. बा, तू पांदीच्या तोंडाशी आलास तर बरं. नाय आलास तरी मी बसणार."