किदाने न्हाव्याची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी न्हाव्याची खुर्ची आहे. इथियोपिया आणि एरिट्रियाच्या सीमेवरच्या एका गावात, मोडीत निघालेल्या ट्रकच्या लोखंडातून एका लोहाराने मला घडवले. किदाने न्हाव्याने माझ्यावर बकऱ्याचे कातडे चढवले आणि दुकानापुढच्या उंबराखाली मला मांडले.

समुद्राकडे जाणारा मोठा रस्ता आमच्या गावातून जातो. दोन्हीकडचे ट्रकवाले माझ्यावर बसत. "तुझ्या खुर्चीत झोप लागते रे, किदाने," असे ते म्हणाले की मी फुलून जाई. त्यांची भाषा एक होती, शिव्याही त्याच. किदानेने आपली एकुलती एक मुलगी लेताय पलीकडच्या मेहारीला दिली, तेव्हा ती परदेशी चालली असे कोणाच्या मनातही आले नाही.

मग युद्ध पेटले. गाव ज्याच्या हाती, रस्ता त्याच्या हाती. पलीकडच्या सैन्याने गाव घेतले. लोक पळाले, किदाने मात्र राहिला. एका सकाळी एक शिपाई येऊन माझ्यावर बसला. तो मेहारी होता. किदानेने त्याच्या गालांना फेस लावला आणि वस्तरा उचलला.

"मामा, ओळखही दाखवणार नाही का?"

"दाढी करायचीय ना? मग गप्प बस. कापेल."

एक गाल झाला. मग मेहारी हळूच म्हणाला, "आम्हाला मुलगी झालीय. तीन महिन्यांची आहे. लेताय म्हणते, नाक तुमच्यावर गेलंय."

"बिचारी पोर," किदाने म्हणाला. त्याचा वस्तरा थांबला होता.

तेवढ्यात आमच्या बाजूच्या तोफा सुरू झाल्या. मेहारीने फेस पुसला, बंदूक उचलली. "उरलेली उद्या करा, मामा."

लढाई दोन दिवस चालली. माझा एक पाय तुटला. गाव पुन्हा आमचे झाले, पण गावात एकही छप्पर उरले नव्हते. आमचे शिपाई शत्रूचे मृतदेह एकाच खड्ड्यात टाकायला नेत होते. किदाने प्रत्येकाचा चेहरा बघत होता. एकापाशी तो थांबला.

अधिकाऱ्याने विचारले, "कोण हा तुमचा, बाबा?"

जावई म्हणायची सोय नव्हती. "गिऱ्हाईक आहे. अर्धी दाढी राहिलीय त्याची."

अधिकाऱ्याने मेहारीच्या अर्ध्या दाढीकडे पाहिले. "लवकर आटपा," एवढेच म्हणून तो गेला.

किदानेने माझ्या तुटक्या पायाखाली दगड ठेवला आणि मेहारीला बसवले. मान टाकून झोपलेली किती माणसे मी पेलली होती! ही मान फार जड होती. किदानेने दुसरा गाल अगदी सावकाश केला, कुठे कापू नये म्हणून. मग एकट्याने उंबराखाली खणले.

पुढे तह झाला, पण सीमा बंदच राहिली. पत्र जाईना, फोन लागेना. किदाने रोज माझ्यावर बसून पलीकडच्या टेकडीकडे बघे. सात वर्षे. मग तोही यायचा थांबला.

मित्रांनो, मी गंजले आहे. मला रंग लावा असे मी म्हणणार नाही. पण कधी पलीकडे गेलात तर लेतायला शोधा. ती अजून नवऱ्याची वाट बघत असेल. तिला सांगा, तो उंबराखाली आहे. त्याच्या चेहऱ्यावरून शेवटचा हात फिरला, तो तिच्या बापाचा होता.